द्वारा, बार्लोज हॉटेल

डार्विन
बुधवार, १६ ऑक्टोबर २०२४

यतू,

'चिरंजीव' लिहावं की नुसतं नाव, यात पाव तास गेला. शेवटी घरातलं नाव लिहून मोकळी झाले. अक्षर ओळखलंस ना? टपाल खात्यात तीस वर्षं दुसऱ्यांचे पत्ते वाचले, पण स्वतः कोणाला पत्र लिहायची वेळ फारशी आली नाही.

मी तुझ्याच गावात आहे. माझ्या मितालीला दोन वर्षांपूर्वी इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली. सगळा ऑस्ट्रेलिया सोडून पोरगी नेमकी डार्विनला चालली तेव्हा मी तोंडाने काही बोलले नाही, पण नकाशा काढून बसले होते. गेल्या महिन्यात तिला मुलगी झाली, म्हणजे तू आजोबा झालास. मी बाळंतपणासाठी आलेय आणि वीस डिसेंबरला परत जाणार. त्याआधी मला तुला एकदा बघायचंय. का, ते पुढे लिहीन.

पत्ता कुठून मिळाला म्हणशील, तर तुझ्याच २०१० सालच्या फोटोवरून. तू बिअरच्या नळांमागे दात काढून हसत उभा आहेस आणि मागच्या भिंतीवर नाव रंगवलंय, बार्लोज हॉटेल. त्या फोटोने घरात काय झालं ते तुला अर्धंच माहीत आहे. आधी तुझं पत्र आलं होतं, 'मला हॉटेलात नोकरी लागली.' अण्णांनी अख्ख्या पेठेत सांगितलं. मुख्याध्यापक सबनीस सरांचा मुलगा परदेशात हॉटेलात लागला, म्हणजे टाय लावून काउंटरवर बसत असणार, असं सगळ्यांनी धरलं. मग हा फोटो आला. अण्णा व्यसनमुक्ती मंडळाचे चिटणीस. ते म्हणाले, गुत्त्यात लागलाय आणि मला हॉटेल सांगतो, त्याने मला गावासमोर खोटं पाडलं. आणि आईला म्हणाले, "त्याचं फुलपात्र पालथं घाल."

आपल्याकडे जो जेवायला नसेल त्याचं फुलपात्र फळीवर पालथं राहायचं, एका वेळेपुरतं. तुझं कायमचं पालथं झालं.

आज दुपारी बाळ झोपल्यावर छत्री घेऊन निघाले. मितालीच्या घरापासून बारा मिनिटं, पण ऑक्टोबरच्या दमटपणात ती तीसच्या वर वाटतात. रस्त्याला चाफा, आंबा, चिंच सगळं ओळखीचं आहे, फक्त माणसं दिसत नाहीत. पब म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड. सिमेंटची जमीन, पाइप लावून धुतलेली. वर सात पंखे, त्यातले पाच फिरणारे. दारात पाटी: 'सायंकाळी सातनंतर बनियन चालणार नाही.' म्हणजे सातच्या आधी चालतं. आत दहा-बारा पुरुष, चमकत्या पट्ट्यांचे शर्ट, धुळीने माखलेले बूट, आणि टीव्हीवर घोडे पळत होते. मी दारात उभी राहिले तर कोणी मान वळवून पाहिलं नाही. कराडात मी नुसती रसवंतीत एकटी बसले तरी चार जण बघतात.

काउंटरवर डेनीस नावाची बाई आहे, पब तिचाच. इथे अनोळखी बाईलाही 'लव्ह' म्हणतात. मी पहिलाच प्रश्न विचारला, "इथे खोल्या किती?"

"खोल्या? एकही नाही, लव्ह."

"मग हॉटेल कसं?"

तिने हातातला ग्लास पुसता पुसता विचार केला. म्हणाली, पूर्वी म्हणे खोल्या असल्याशिवाय दारूचा परवाना मिळत नसे. खोल्या गेल्या, नाव राहिलं. इथे पबला हॉटेलच म्हणतात.

यतू, तू खोटं बोलला नव्हतास. तू पाटीवर जे होतं तेच लिहिलंस. हे कळायला आम्हाला चौदा वर्षं लागली, आणि अण्णांना तर कळलंच नाही. ते दोन वर्षांपूर्वी गेले. मला वाईट वाटलं आणि थोडं हसूही आलं, दोन्ही खरं सांगतेय.

तुझा फोटो दाखवला. हातोहात फिरला, कोणी ओळखला नाही. यतिन सबनीस हे नावही कोणी ऐकलेलं नाही. डेनीसने पब आठ वर्षांपूर्वी घेतला, त्याच्या आधीचं तिला माहीत नाही. पण तिच्याकडे बिस्किटांचा एक मोठा पत्र्याचा डबा आहे. बोटींवर, गुरांच्या फार्मवर, खाणीत काम करणारे लोक टपालाचा पत्ता म्हणून पबचं नाव देतात. माणूस कुठेही गेला तरी पबात येणारच, हा त्यांचा हिशेब. हे पत्र त्या डब्यात ठेवतेय. न पोचलेलं पत्र मला बघवत नाही, तुला माहीत आहे.

ताई


बुधवार, २३ ऑक्टोबर २०२४

यतू,

डबा उघडला, माझं पाकीट ठेवलं तिथेच होतं. मग मी डेनीसला म्हटलं, हा डबा मला लावू दे, मला बघवत नाही. अडतीस पाकिटं निघाली. बँकेची, कोर्टाची, आणि एक लग्नाचं आमंत्रण २०१९ सालचं. त्यांना आता मुलंसुद्धा झाली असतील. आडनावाप्रमाणे लावून रबर बँड घातले, आणि स्टुलावरून खाली उतरेपर्यंत माझं नाव 'पोस्टी' पडलं होतं. इथे पोस्टमनला पोस्टी म्हणतात. मी पोस्टमास्तर होते असं सांगून बघितलं, पण बढती मिळाली नाही.

नावांची इथे गंमतच आहे. लाल केसांचा एक प्लंबर आहे, त्याला 'ब्लूई' म्हणतात. ज्याच्या डोक्यावर एक केस नाही तो 'कर्ली'. आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर रोज दुपारी जो बसतो, पूर्वी तीन-तीन ट्रेलरांचे ट्रक हाकायचा, उंची साडेसहा फुटांच्या आसपास, तो 'शॉर्टी'. मी त्याला विचारलं, असं उलटं का? तो म्हणाला, "आहे ते तर सगळ्यांना दिसतंच, ते कशाला सांगायचं?" आपल्याकडे नवसाच्या गोऱ्यागोमट्या पोराला धोंडू म्हणायचे, ते मी त्याला सांगितलं. त्याला ते फार पटलं. आता तो मला येताजाता 'डोंडू' म्हणून दाखवतो.

आता मी काय करून बसले ते ऐक. मी इथे 'लेमन लाइम अँड बिटर्स' घेते. लिंबाचं सरबत आणि त्यात कसलेसे कडू थेंब. अण्णांनी त्या थेंबांच्या बाटलीवरचं बारीक अक्षर वाचलं असतं, मी वाचलं नाही. तर सरबत संपलं आणि मी जन्माची सवय म्हणून ग्लास काउंटरवर पालथा घातला. आपण पाणी पिऊन झालं की फुलपात्र तांब्यावर पालथं घालतो, तसा.

बोलणं थांबलं. कर्ली स्टुलावरून अर्धा उठला. टीव्हीवरचा माणूस एकटाच घोड्यांची नावं घेत होता. शॉर्टी माझ्याकडे वळला, डोक्यावरची हॅट काढली आणि अगदी अदबीने म्हणाला, "कोणाशी भांडायचंय, लव्ह?"

मला वाटलं, माझं इंग्रजी कमी पडलं. मग डेनीसने समजावलं. ही जुनी पद्धत, आता शहरातल्या पोरांना ठाऊकही नाही. ग्लास रिकामा करून बारवर पालथा घातला, की त्याचा अर्थ 'या खोलीतल्या कोणालाही मी पुरून उरेन.' त्या ग्लासाला मग कोणी हात लावत नाही. जो उचलेल, त्याने आव्हान घेतलं.

शॉर्टी म्हणाला, "माझे गुडघे गेलेत, पण तू म्हणशील तर बाहेर येतो." सगळे एवढे हसले की मला दुसरं सरबत फुकट मिळालं.

आणखी एक खूण कळली. बाहेर सिगारेट ओढायला किंवा फोन घ्यायला जायचं असेल तर ग्लासवर जाड पुठ्ठ्याची चकती ठेवायची, कोस्टर म्हणतात तिला. म्हणजे 'मी परत येतोय.' तो ग्लास कोणी उचलत नाही, त्या स्टुलावर कोणी बसत नाही. मी आज दीड तास बघत बसले होते. कोणी तोंडाने एक अक्षर बोलत नाही आणि सगळं पाळलं जातं. आपल्या घरात तर बोलून बोलूनही पाळलं जात नव्हतं.

तू मात्र अजून कोणाच्या ओळखीचा निघाला नाहीस. मला कधी कधी भीती वाटते, की तू हे गाव केव्हाच सोडलं असशील आणि मी रिकाम्या पत्त्यावर लिहितेय.

ताई


बुधवार, ६ नोव्हेंबर २०२४

यतू,

सापडलास.

रविवारी भाऊबीज झाली. मितालीच्या नवऱ्याच्या, श्रीनाथच्या बहिणीने सिडनीतल्या केलीव्हिलहून व्हिडिओवर ओवाळलं. ताम्हन फोनसमोर फिरत होतं आणि श्रीनाथ खुर्चीत मान खाली घालून बसला होता. मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी लावली.

आज चकल्या घेऊन पबात गेले. डबा दहा मिनिटांत संपला. ब्लूईने विचारलं, याला काय म्हणतात. मी सांगितलं. तो म्हणाला, ही बिअरबरोबर खायला ज्याने शोधली असेल तो मोठा माणूस. आईच्या हातचं प्रमाण आहे, यतू. अण्णांच्या घरातली चकली बिअरबरोबर संपली, आणि मला अजिबात अपराधी वाटलं नाही.

चकली खाताना शॉर्टी म्हणाला, तो फोटो परत दाखव, त्या दिवशी वाचायचा चष्मा गाडीत राहिला होता. त्याने चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. मग जाड अंगठ्याने तुझं तोंड झाकून नुसते डोळे बघितले आणि म्हणाला, "याला दाढी लाव. पंधरा वर्षं लाव. डेनीस, हा चॅटी आहे."

डेनीस धावत आली. "गॉश, चॅटीच की. याला हसताना कधी पाहिलंच नाही, म्हणून ओळखला नाही."

मी एवढी खूश झाले, की काय बोलतेय ते कळलं नाही. म्हटलं, "हो हो, चॅटीच, बडबड्याच! हाच तो. लहानपणापासून याच्या तोंडाला कुलूप नाही. जेवताना बोलायचा, झोपेत बोलायचा, शाळेत अण्णांच्या तासाला बोलला म्हणून बाकावर उभा राहायचा."

ते सगळे हसले, आणि मग हळूहळू हसायचे थांबले. शॉर्टी म्हणाला, "लव्ह, मला शॉर्टी का म्हणतात?"

मला उलगडायला वेळ लागला. त्याने आणि डेनीसने मिळून सांगितलं. तू कोळंबीच्या बोटीवर स्वयंपाक करतोस. हंगाम संपला की येतोस, शेवटच्या स्टुलावर बसतोस, एक बिअर घेतोस, दुसरी हवी असेल तर 'सेम अगेन, थँक्स' म्हणतोस. एवढंच. तू कुठला, घरी कोण, खरं नाव काय, कोणालाच माहीत नाही. पण भला माणूस आहेस असं दोघांनी आपणहून सांगितलं. शॉर्टीच्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तू महिनाभर त्याच्या दारात जेवणाचा डबा ठेवून जायचास, बेलसुद्धा न वाजवता. त्याला वाटायचं, शेजारीण ठेवते. शेवटी डाळीच्या फोडणीवरून पत्ता लागला.

मी तिथेच बारवर रडले. डेनीसने कागदी रुमालांचा गठ्ठाच माझ्यासमोर ठेवला आणि घोड्यांचा आवाज कमी केला.

बोटी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात येतात म्हणे. मी वीसला जातेय. म्हणजे दोन आठवडे आहेत. आता मला ते लिहावं लागेल जे मी तीन पत्रं टाळलंय.

ताई


बुधवार, २० नोव्हेंबर २०२४

यतू,

काल मिताली मला ओरडली. मी बाळाला तेल लावत होते.

"आई, you can't just ambush him. मामाने नंबर बदलला, right? काहीतरी रीझन असेल ना?"

"असेल."

"काय आहे? तुला माहितीये."

मी बाळाचे पाय चोळत राहिले. मिताली नर्स आहे, लोक कुठे दुखतंय ते लपवतात तेव्हा तिला कळतं. ती म्हणाली, "मला नको सांगूस. त्याला सांग. पण properly सांग, गोलगोल नको."

तर सरळ लिहिते.

मार्च २०१५. आई चार महिने अंथरुणाला होती. मी सकाळी तिचं सगळं आवरून पोस्टात जायची, दुपारी येऊन भरवायची, संध्याकाळी परत. अण्णा तुझं नाव निघालं की खोलीतून उठून जायचे. तू कुठल्यातरी बंदरातून फोन केलास. मागे वारा वाजत होता. तू विचारलंस, "ताई, येऊ का? आई विचारते का मला?"

आणि मी म्हटलं, "नाही. तिने तुझं नाव काढलेलं नाही. येऊ नकोस."

हे खोटं होतं.

आई रोज तुझं नाव काढायची. आदल्याच रात्री तिने माझा हात धरून सांगितलं होतं, "यतूला म्हणावं, ये." तीन शब्द. मी तीस वर्षांत लोकांची लाखो पत्रं पोचवली, पुरात पोचवली, चुकीच्या पत्त्यावरची शोधून पोचवली, आणि माझ्या आईचा तीन शब्दांचा निरोप अडवून ठेवला. नऊ दिवसांनी ती गेली. तू त्यानंतर अकराव्या दिवशी फोन केलास, मी सांगितलं, आणि तू फोन ठेवलास. तो नंबर मग लागलाच नाही.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले, अण्णांच्या भीतीने बोलले. 'तो दारात आला तर मी घराबाहेर पडेन,' असं ते म्हणत होते, हे खरं आहे. पण मी अण्णांना इतकी कधीच घाबरत नव्हते. खरं कारण सांगते. तिचं सगळं मी करत होते आणि ती नाव तुझं घ्यायची. तुझा फोन आला की तिचा चेहरा उजळायचा, मी रोज समोर असून माझ्यासाठी उजळायचा नाही. त्या दिवशी मी दमले होते आणि मला तुझा राग आला होता. मला वाटलं, याला थोडं लागू दे. थोडंच लागेल असं वाटलं होतं.

या पत्राबरोबर एक वस्तू ठेवतेय. तुझं मुंजीतलं स्टीलचं फुलपात्र, काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी 'चि. यतिन' कोरलेलं. अण्णा घरात असेपर्यंत ते फळीवर पालथं असायचं. ते फिरायला गेले की आई ते सुलटं करून ठेवायची आणि ते यायच्या आत परत पालथं करायची. पाच वर्षं तिने हे केलं. शेवटचे दोन महिने मात्र ती त्यातूनच पाणी प्यायली. अण्णांनी पाहिलं, पण काही बोलले नाहीत.

डेनीसने ते कपाळाला लावल्यासारखं जपून घेतलं आणि डार्ट्सच्या बक्षिसांच्या फळीवर ठेवलं. तिला वाटलं, तुझं बक्षीस आहे.

माफ कर असं लिहिणार होते. पण ते लिहिणं सोपं आहे आणि वाचणाऱ्याला अवघड. म्हणून नुसतं कळवतेय. निरोप असा होता: यतूला म्हणावं, ये. उशीर माझ्यामुळे झाला.

ताई


बुधवार, ११ डिसेंबर २०२४

यतू,

गेल्या बुधवारी गेले तेव्हा बोटी लागल्या नव्हत्या. आज दारातूनच दिसलं, डबा काउंटरवर उघडा होता आणि माझी चारही पाकिटं त्यात नव्हती.

डेनीसने सांगितलं, तू रविवारी दुपारी आलास. तिने पत्रं आणि फुलपात्र तुझ्यासमोर ठेवलं. तू दोन तास वाचत होतास. बिअर घेतली नाहीस. तिच्याकडून फुलपात्रात पाणी भरून घेतलंस, सावकाश प्यायलास, फुलपात्र बारवर पालथं घातलंस आणि निघून गेलास.

"काही बोलला?"

"चॅटी?" एवढंच ती म्हणाली. शॉर्टी उठून तुझ्यामागे दारापर्यंत गेला होता म्हणे, पण त्याच रात्री तो मुलीकडे ॲलिस स्प्रिंग्जला गेला, त्यामुळे त्याला विचारता आलं नाही.

फुलपात्र अजून तिथेच होतं, शेवटच्या स्टुलासमोर. तीन दिवस कोणी त्याला हात लावलेला नाही. डेनीसने त्याच्या भोवतीने बार पुसलाय. एक नवखा गडी ते बाजूला सारायला गेला तर कर्लीने त्याचं मनगट धरलं म्हणे.

मी त्याच्याशेजारी बसले. इथले लोक समजतात, चॅटीला कोणाशी तरी भांडायचंय. मला घरातला अर्थ माहीत आहे. पालथं म्हणजे हा माणूस आता या पंगतीला नाही. तू मला तेच सांगितलंस, अण्णांच्याच भाषेत, आणि तुझा हक्क आहे. सरबत बाजूला सारलं. मनात आलं, उठावं, घरी जावं, बाळाचं अंथरूण-पांघरूण धुवावं, वीसला विमानात बसावं. निदान निरोप तरी पोचला.

मग वाटलं, मी आत्ता कुठे बसलेय? कराडात नाही. हे फुलपात्र या बारवर पालथं घातलंय, आणि इथे त्याचा अर्थ इथला. तू माझी पत्रं वाचलीस, म्हणजे ही पद्धत मला माहीत आहे हे तुला माहीत होतं. दोन्हींतला कोणता अर्थ तुझ्या मनात होता ते मी कसं ठरवू? विचारल्याशिवाय ठरवायचं, हे मी एकदा करून बसलेय.

मी डेनीसला विचारलं, "जो उचलेल त्याने भांडण घेतलं, असंच ना?"

"असंच. पण लव्ह, तू विचार कर."

मी उचललं. सगळे बघत होते. सुलटं करून ठेवलं, तुझं नाव माझ्याकडे आलं, ते वळवून तुझ्या स्टुलाकडे केलं. कर्लीने टेबलावर एकदा हात आपटला.

तर घेतलं भांडण. पुढच्या बुधवारी तीन वाजता मी इथे आहे. काय बोलायचं ते बोल, सगळं ऐकून घेईन आणि मला वाटेल तिथे उत्तरही देईन. नाही आलास तर समजेन की घरातलाच अर्थ होता, आणि परत पत्र लिहून तुला त्रास देणार नाही.

ताई


बुधवार, १८ डिसेंबर २०२४
बार्लोज हॉटेल, दुपारी सव्वातीन

यतू,

हे पत्र बारवर बसून लिहितेय, त्यामुळे कागदाला ओल लागली असेल. पावसाने पत्र्यावर असा आवाज धरलाय की शेजारचं बोलणं ऐकू येत नाही.

तीनला दहा कमी असताना आले. दारात पाय पुसतानाच तुझ्या स्टुलाकडे पाहिलं. तू नव्हतास. फुलपात्र होतं, सुलटं, काठोकाठ पाण्याने भरलेलं, आणि त्यावर पुठ्ठ्याची चकती.

मी उभीच राहिले. डेनीस म्हणाली, "त्याला हात लावू नकोस. माणूस परत येतोय."

शॉर्टी ॲलिसहून आलाय. त्याने मला हाताला धरून बसवलं आणि त्या रविवारचं सांगितलं. तू पालथं घालून निघालास तेव्हा तो मागोमाग आला होता, गुडघे सांभाळत. त्याने विचारलं, "कोणाशी भांडायचंय, चॅटी?" तू म्हणालास, "माझ्या म्हाताऱ्याशी." शॉर्टीने विचारलं, तो कुठाय. तू म्हणालास, "गेला." मग त्याने विचारलं, "आणि बहीण?"

तू म्हणालास, "तिच्याशीपण. पण ते मराठीत करावं लागेल."

शॉर्टीला हे सांगताना वाटलं असेल, मी घाबरेन. मी त्याच्या हातावर डोकं टेकून हसले, आणि रडलेसुद्धा.

माझं मागचं पत्र वाचून तू म्हणे आज अकरापासून इथे बोलत बसला होतास आणि थांबायलाच तयार नव्हतास. कर्लीला हॉटेलची गोष्ट सांगितलीस, अण्णांनी अख्ख्या पेठेत सांगितलं तीसुद्धा. ब्लूईला चकलीची भाजणी कशी करतात ते सांगितलंस. डेनीस म्हणते, तिचं डोकं दुखायला लागलं, आणि आता या माणसाचं नाव बदलावं लागेल, हे आता जुळत नाही. नवं नाव काय ठेवायचं यावर मागच्या टेबलावर वाद चाललाय. शॉर्टीने 'डोंडू' सुचवलंय.

मी आले तेव्हा तू डेनीसकडून पत्ता घेऊन मितालीकडे निघून गेला होतास, मला पावसात चालत यावं लागू नये म्हणून. श्रीनाथच्या गाडीतून मी आले आणि आपण चुकलो. आत्ता मितालीचा मेसेज आला: 'मामा आलाय. रडतोय. मयूराला घेऊन बसलाय, and he won't stop talking. पाठवते त्याला.' मयूरा म्हणजे बाळ. बारसं तुझ्या गैरहजेरीत झालं, त्यावरूनही भांडशील.

काय काय म्हणशील याची मी मनात उजळणी करतेय. भीती वाटतेय, खूप. तरी स्टुलावरून हलणार नाही.

बाहेर गाडी लागली. शॉर्टी हॅट घालून उठला आणि मधला स्टूल सोडून पलीकडे जाऊन बसला.

पाकिटावर तुझं नाव लिहिलं. सवयीने खाली 'द्वारा' लिहायला घेतलं, ते खोडलंय. तिथे 'हातपोच' लिहिलंय.

ताई